काळीज आणि आठवण

मटणाच्या दुकानात आपण ‘कलेजी’ मागतो ते यकृत असते. मराठीतले ‘काळीज’ही मुळात तेच, संस्कृत ‘कालेय’पासून आलेले. पुढे बोलण्यात काळीज हृदयाकडे सरकले आणि यकृताकडे फक्त पचनाचे खाते उरले. पण या अवयवाचा स्मरणाशीही संबंध आहे. मी प्रयोगशाळेतला माणूस नव्हे. शोधनिबंध वाचत, अडलेल्या शब्दासाठी कोश उघडत जे समजले, ते इथे मांडतो.

१८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक या शल्यचिकित्सकाने कुत्र्यांच्या आतड्यांकडून येणारी रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेला जोडली. १८९३मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांचे बारकाईने निरीक्षण केले. मांस खाल्ले की ही कुत्री झोकांड्या खात, त्यांना दिसेनासे होई, झटके येत.

कारण असे : प्रथिने पचताना, विशेषतः आतड्यातल्या जिवाणूंमुळे, अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करते. यकृत बिघडले किंवा रक्त त्याला टाळून गेले, की अमोनिया मेंदूत पोचतो. तिथे ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी त्याला ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन बनवतात. हे ग्लुटामिन साठत गेले की पेशी पाणी ओढून फुगतात. शिवाय पेशींमधले जे संदेश नवी गोष्ट शिकताना पक्के व्हावे लागतात, तेही अमोनियामुळे मंदावतात.

प्रौढ मेंदूची बांधणी झालेली असते. पिल्लाच्या मेंदूची चालू असते. म्हणूनच हा प्रश्न पिल्लांच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो. काही पिल्लांमध्ये असा वळसा जन्मतःच असतो; यॉर्कशायर टेरियर जातीत तो विशेष आढळतो. पिल्लू खुरटे राहते, खाल्ल्यावर गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते. शिकवलेले त्याला चटकन येत नाही, आणि घरची माणसे ‘मठ्ठ आहे’ म्हणून सोडून देतात.

प्रयोगशाळेत याचा अभ्यास उंदरांवर होतो. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे असताना त्याची पित्तवाहिनी बांधतात. याच वयाच्या सुमारास त्याला जागा लक्षात ठेवणे जमू लागलेले असते. मग रिचर्ड मॉरिस यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी रूढ केलेली पाण्याची परीक्षा घेतात. गढूळ पाण्याच्या गोल हौदात पृष्ठभागाखाली एक पाट दडवलेला असतो. भोवतालच्या खुणा पाहून उंदराने तो शोधायचा. निरोगी पिल्लू रोज लवकर पोचू लागते. आजारी पिल्लाला जास्त वेळ लागतो. पाट काढून घेतला, तर त्या जागी ते कमी घुटमळते.

इथे शंका येतेच : आजारी जीव, पोहतच हळू असेल तर? म्हणून पोहण्याचा वेग वेगळा मोजतात आणि एक फेरी पाट उघडा ठेवूनही घेतात. दिसणारा पाट गाठता येतो पण दडलेला सापडत नाही, तेव्हा दोष पायांत नसून आठवणीत आहे असे म्हणता येते.

हे नुकसान कायमचेच असते का? २००५मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी अमोनिया वाढलेल्या उंदरांना सिल्डेनाफिल हे औषध दिले आणि त्यांची शिकण्याची क्षमता परतली. म्हणजे निदान काही बिघाड दुरुस्त होण्याजोगा असतो. पण मेंदू घडत असतानाच निसटलेला काळ औषधाने भरून निघेलच, असे यावरून म्हणता येत नाही.

उंदरांचा हा छळ कशासाठी, याचे उत्तर माणसाच्या बाळांत आहे. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मानंतर लवकरच बंद पडतात. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधली. पहिल्या दोन महिन्यांत झाली तर तिला यशाची शक्यता अधिक. या मुलांपैकी काही जण पुढे अभ्यासात मागे राहतात. म्हणून दोन आठवड्यांनंतरही बाळाची कावीळ उतरली नाही, किंवा शी पांढरट, मातकट होऊ लागली, तर ‘कोवळे ऊन दाखवा, जाईल’ म्हणत थांबू नये. डॉक्टरांकडे न्यावे, त्याच दिवशी.