भुताची गोष्ट वाचा, पण परीक्षणही लिहा



कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मुले व्हँपायरच्या इंग्रजी कादंबऱ्या आणतात, अशी काही पालकांची तक्रार आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तील ऐयार आणि तिलिस्म यांनीच मला वाचनाची गोडी लावली. म्हणून अशी पुस्तके हिसकावून घेऊ नयेत. मराठीतही नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा आहेतच.

वाचून झाल्यावर मात्र पानभर परीक्षण मराठीत लिहावे. त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) त्या अद्भुत जगाचा नियम कोणता? 'ट्वायलाइट' (२००५) मधील व्हँपायर उन्हात जळत नाहीत, चमकतात.
२) लेखकाने तो नियम शेवटपर्यंत पाळला का?
३) भीती कशाची वाटली, भुताची की माणसाच्या लोभाची?

नुसते 'आवडले' पुरेसे नाही, का आवडले ते सांगावे. शेवट मात्र सांगू नये.

पुस्तक इंग्रजी असो; त्यावरचा विचार मराठीत मांडता आला, तरच हैदराबादेत आपली मराठी पुढच्या पिढीकडे जाईल. पालकांनी आधी ते पान वाचावे, मग पुस्तकाविषयी मत बनवावे, ही विनंती.

– मुख्याध्यापक