शून्याच्या वरची रेघ

बेडनॉर्ट्स आणि म्युलर यांनी १९८६ साली तांब्याच्या ऑक्साइडात अतिवाहकता शोधली, त्याला यंदा चाळीस वर्षं झाली. पडेगावात आमच्या गल्लीतल्या एमएस्सीच्या पोराला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला पाठ आहे ते २०२३चं एलके-९९, खोलीच्या तापमानाला अतिवाहक म्हणून कोरियातून सुटलेलं आणि महिनाभरात बारगळलेलं पिल्लू. पोराला काय बोलणार? शिकवलंच तसं गेलं.

सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लांडाऊने १९५६ साली सांगितलं की धातूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना रेटत असले तरी प्रत्येक जण दिंडीतल्या वारकऱ्यासारखा आपापला चालत राहतो. फक्त जड झाल्यासारखा वागतो. हाच ‘फर्मी द्रव’. थंडीत टक्कर होऊन जायला रिकाम्या जागाच थोड्या, म्हणून आपसांतल्या टकरींचा रोध तापमानाच्या वर्गाने वाढतो. पुढची तीस वर्षं याच हिशेबात गेली.

मग आलं १९८७. यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड ९० केल्विनच्या वर असतानाच अतिवाहक! म्हणजे ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरे, आणि तो गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी जिल्ह्यात यायचाच. पावडर खलायची, गोळी दाबायची, भट्टीत भाजून ऑक्सिजनमध्ये सावकाश निववायची, चार तारा लावायच्या. रोधाची रेघ सरळ उतरत यायची आणि ९२च्या आसपास धाडकन शून्य. पेढे वाटले जायचे. एका वरिष्ठांनी आलेख शंभर केल्विनला कापायला लावला. वरचं म्हणे नेहमीचंच.

नेहमीचं कसलं? वर्गाचा नियम धुडकावणारी तीच तर रेघ होती! १९९० साली बिस्मथच्या एका क्युप्रेटात, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडात, ती साधारण दहापासून सातशे केल्विनपर्यंत सरळ दिसली. त्याआधी १९८९ साली चंद्रा वर्मा आणि सहकाऱ्यांनी ‘सीमान्त फर्मी द्रव’ मांडला होता. त्यात इलेक्ट्रॉनचं आपलेपण हळूहळू विरतं. अमेरिकन सिद्धान्तकार अँडरसन आणखी पुढे गेले: इलेक्ट्रॉनचा प्रभार एकीकडे, फिरकी दुसरीकडे. हे भांडण आम्ही पुसट झेरॉक्सवर वाचलं, तावातावाने वाद घातले, आणि वर्गात मात्र शून्यच शिकवलं जात राहिलं. १९९४ साली मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बनची अतिवाहकता दाखवली. अभिमान वाटला, पण तो धातू बराचसा लांडाऊच्या शिस्तीतला.

नंतरचं थोडक्यात: सोनं मिसळलेलं सेरियम-तांबं, यिटर्बियम-ऱ्होडियम-सिलिकॉन, पिळलेलं ग्राफीन, सगळीकडे तीच सरळ रेघ. सर्वमान्य उत्तर अजून नाही.

परीक्षकांना एकच विनंती. प्रयोगवहीतला आलेख खोलीच्या तापमानापर्यंत मागा, आणि वरच्या भागालाही गुण द्या.