शर्यतीच्या गाडीचा सांगाडा मध्येच बदलता येतो का?

फॉर्म्युला वनच्या गाड्या पाहून मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: हरणारा संघ गाडीच का बदलत नाही?

आधी चॅसिस म्हणजे काय ते समजून घेऊ. चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. तो कार्बन फायबरचा असतो आणि चालक त्यातच बसतो. हंगामात नव्या रचनेचा सांगाडा आणायचा, तर त्याला एफआयए या नियामक संस्थेच्या धडक-चाचण्या पार कराव्या लागतात. पंख वगैरे भाग बदलणं त्यामानाने सोपं.

2020 मध्ये नियम आणखी कडक झाले. कोरोनामुळे शर्यती थांबल्या, उत्पन्न आटलं, लहान संघ बुडायची भीती होती. म्हणून 2021 चे नवे नियम 2022 वर ढकलले आणि जुनेच सांगाडे पुढे वापरायचे ठरलं. ठरावीक बदलांसाठी प्रत्येक संघाला फक्त दोन टोकन मिळाली. शिवाय 2021 पासून खर्चाला 14.5 कोटी डॉलरची मूळ मर्यादा आली.

मॅक्लारेन संघ तेव्हा रेनॉचं इंजिन सोडून मर्सिडीजचं घेत होता. ते बसवण्यासाठी सांगाड्यात बदल करण्यातच त्यांची टोकन संपली. तरीही सप्टेंबर 2021 मध्ये मॉन्झाला त्यांचे दोन्ही चालक पहिले-दुसरे आले!

आता मुलांना विचारा: सर्वांना सारखीच टोकन देणं, म्हणजे न्याय झाला का? उत्तर सांगू नका, वाद घालू द्या.