कापणीच्या मेजावरचे शिक्षण

१९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची स्मृती म्हणून उभारलेल्या, जबलपूरच्या कमानिया गेटच्या परिसरात आणि पुढे बड्या फुहाऱ्याच्या कापडबाजारात तयार सलवार-कुर्त्यांचे जे ढीग दिसतात, ते पाहणाऱ्याच्या मनात त्यांमागे काही शास्त्र असेल अशी शंकाही येत नाही. आणि फॅशन डिझाइनची पदविका घेण्यास निघालेल्या मुलामुलींस, आपल्या भावी विद्येचा मोठा हिस्सा याच ढिगांत घडी घालून ठेवलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

जबलपूरचा सलवार-सूट दूर दक्षिणेच्या राज्यांपर्यंत जातो. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ १८७० साली याच गावी एकत्र आले, हे व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सोयीचेच ठरले असणार. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या अमदानीत पकडलेल्या ठगांकडून तंबू आणि गालिचे करवून घेणारी उद्योगशाळाही १८३७ च्या सुमारास येथेच निघाली. परंतु त्या तंबूंचा आजच्या सलवारीशी वंशसंबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. हल्ली या धंद्याचे केंद्र म्हणून गोहलपूर भागातील लेमा गार्डनच्या गारमेंट आणि फॅशन डिझाइन क्लस्टरचे नाव घेतले जाते. त्याच भागातील एका कारखान्यात, मालकाच्या परवानगीने, कापणीच्या मेजाजवळ उभे राहण्याची मुभा मला मिळाली.

ताग्यातले कापड मेजावर थरावर थर अंथरले जात होते. एका बाजूच्या कडा बिनचूक जुळल्या पाहिजेत, परंतु जुळवण्याच्या भरात कापड ताणले जाता कामा नये. कारण ताणून अंथरलेले कापड कापल्यानंतर आकसते, आणि एकाच फर्म्यावर बेतलेल्या दोन कुर्त्यांपैकी एक तोकडा निघतो. सुती, क्रेप, जॉर्जेट या प्रत्येकाचा स्वभाव निराळा, आणि तो बोटांच्या चिमटीतच कळावा लागतो.

पदविका हाती पडताच येथे उमेदवारीस आलेल्या एका मराठी मुलीने त्या दिवशी एका घेरदार कुर्त्याचे चित्र पुढे केले. चित्र खरोखर देखणे होते. कटिंग मास्टरने ते थोडा वेळ न्याहाळले आणि एवढेच विचारले, "बेटी, यात उभे सूत कोणीकडे?" तिने घेराचे तुकडे तिरके कल्पिले होते. तिरक्या सुतावरचे कापड अंगावर सुरेख झुलते, यात संशय नाही. पण ते फर्म्यांच्या मांडणीत अधिक जागा खाते, आणि टांगून ठेवले की स्वतःच्या वजनाने खाली उतरत जाते, म्हणून काही काळ लटकवून ठेवल्याखेरीज खालची कड दुमडता येत नाही. एका ग्राहकासाठी शिवणाऱ्या शिंप्याला ही चैन परवडते. हजार नगांच्या कारखानदाराला परवडत नाही.

"मग घेर कसा आणायचा, मास्टरजी?" असे तिने विचारताच त्यांनी खडू उचलला आणि कापडाच्या एका लांबट आयतावर कोनातून रेघ ओढून दोन कळ्या पाडल्या. एकीचे रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाशी येत असल्याने मध्ये चिंधीदेखील उरली नाही. आपल्या पूर्वापार कळीदार पोशाखांत हा काटकसरीचा हिशेब मुरलेला आहे, आणि पाठ्यपुस्तकातील वेशभूषेच्या इतिहासापेक्षा तो या मेजावर अधिक लवकर उमगतो. एका सुटामागे दोन इंच कापड वाया गेले तर हजार सुटांमागे जवळजवळ ५१ मीटर जाते. कारखानदाराचा नफा पुष्कळदा एवढ्याच दोन इंचांत असतो.

यानंतर येते ते गणित. मुंढ्याचा आकार पुढच्या भागात मागच्यापेक्षा अधिक खोल कोरावा लागतो, कारण हात पुढे येतात, मागे क्वचितच जातात. एका मापावरून पुढच्या मापावर जाताना छातीत दोन इंच वाढवायचे, म्हणजे चौथाईच्या फर्म्यावर अर्धा इंच. परंतु गळा आणि खांदा त्या प्रमाणात वाढवले तर कुर्ता खांद्यावरून घसरू लागतो. शिवणीतली माया किती ठेवायची, धुतल्यावर किती आकसेल याचा अदमास कसा बांधायचा, एकतोंडी छपाईचे कापड उलटे लावले न जाईल अशी तजवीज कशी करायची, या मामुली वाटणाऱ्या तपशिलांत चुकणाऱ्याचे चित्रकौशल्य कोणी विचारीत नाही.

चित्रकला निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मनातला पोशाख दुसऱ्यास दाखवण्याचे ते साधन आहे, आणि रंगसंगतीची जाण तर हवीच. संगणकावरचा फर्माही आता चुकवता येत नाही. १९८६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या आणि २००८ पासून भोपाळातही चालणाऱ्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी हे सर्व शिस्तीने शिकवले जाते. परंतु मजुरीचा दर ठरवणे, काज-बटनांसकट नगाची किंमत काढणे, आणि वीस वर्षे शिलाई करणाऱ्या कारागिराला त्याचा मान राखून 'ही टीप उसवा' असे सांगणे, ही कसबे कोणत्याही सनदेत नमूद नसतात. माझ्या मते त्यांतले शेवटचे सर्वांत अवघड.

मुलास किंवा मुलीस या शिक्षणास घालू इच्छिणाऱ्या पालकांनी संस्थेतील संगणक अवश्य मोजावेत. पण तत्पूर्वी तेथे कापणीचे मेज आहे का, आणि विद्यार्थ्यांच्या हाती खरे कापड व खरी कात्री पहिल्याच वर्षी दिली जाते का, एवढी चौकशी करावी. उत्तर नकारार्थी आले तर फी भरू नये.