तळे कुणाचे, मैदान कुणाचे?

विलेपार्ल्यात मोकळ्या जागेला आज सोन्याचा भाव आहे. वस्तीजवळ एखादे मैदान असले की पोरांचा खेळ, लग्नाचा मंडप आणि १४ एप्रिलची जयंती, सारे तिथेच. अशा मैदानाला एके दिवशी पत्र्याचे कुंपण पडले, तर आपण म्हणतो, "मोठ्यांशी कोण भांडणार?" आम्हाला वाटते, बाबासाहेबांच्या लेकरांनी तरी असे म्हणू नये.

२० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्यानंतरची कोर्टातली लढाई मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी दावा लावला की चवदार तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव हीच जुनी वहिवाट आहे. खुद्द बाबासाहेब प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. तळे नगरपालिकेचे ठरले, मज्जावाची वहिवाट शाबीत झाली नाही. ओंजळीने घेतलेला हक्क बाबासाहेबांनी कागदावरही पक्का करून घेतला.

२०११ साली सुप्रीम कोर्टापुढे पंजाबातले असेच एक गावतळे आले. काही लोकांनी ते बुजवून घरे बांधली होती. २८ जानेवारीला जगपाल सिंग खटल्यात कोर्टाने बजावले की गावाची सामाईक जमीन बळकावणाऱ्याला पैसे भरून ती कायम करून घेता येणार नाही, आणि सर्व राज्यांनी अशी अतिक्रमणे हटवावीत. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर पट्ट्याने दिलेली जमीन मात्र अपवाद ठरू शकते. गावाकडच्या भावकीला हे जरूर कळवा. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य पदावर राहण्यास अपात्र ठरतो, हेही सांगा.

मग शहरातल्या साध्या माणसाने काय करावे? नगर भूमापन कार्यालयातून जागेची मिळकत पत्रिका काढावी. विकास आराखड्यात त्या जागेवर कसले आरक्षण आहे ते पाहावे. माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. एवढ्यानेही कुणी हलले नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ आहे. कोर्टाच्या परवानगीने कोणीही दोन नागरिक जनतेच्या वतीने दावा लावू शकतात. स्वतःचे वेगळे नुकसान दाखवावे लागत नाही. पूर्वी यासाठी अ‍ॅडव्होकेट जनरलची लेखी संमती लागे. १९७६ च्या दुरुस्तीने ती अट गेली.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. म्हणून आमच्या माता-भगिनींनी यात पुढे व्हावे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे हत्यार बेघराच्या झोपडीवर चालवू नका. अतिक्रमण हा शब्द आजवर आपल्याच माणसांवर अधिक फेकला गेला. झोपडी हटवण्याआधीही माणसाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सांगितले आहे. पोटासाठी टाकलेले छप्पर आणि नफ्यासाठी घातलेले कुंपण एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढेच विचारा: आपल्या मैदानाची मिळकत पत्रिका कोणी पाहिली आहे का? नसेल, तर सोमवारी दोघांनी मिळून ती काढून आणा. जयभीम!