कळण्याची भाकरी आणि आयातीचं तेल (लेखांक 7)

मागच्या लेखांकात आपण जुलै 1991मधलं रुपयाचं अवमूल्यन पाहिलं. आज त्याच धोरणाचा माग काढत स्वयंपाकघरात जाऊ आणि त्यासाठी खानदेशातलं अमळनेर निवडू. आर्थिक सुधारणांची दोन्ही टोकं या एका गावात दिसतात.

29 डिसेंबर 1945 रोजी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. भुईमूग पिकवणाऱ्या मुलखात वनस्पती तुपाचा कारखाना, असा तिचा सरळ हिशेब होता. तीच आजची विप्रो. बाजार खुला झाला, सॉफ्टवेअरची निर्यात वाढली, 2000 साली कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोहोचली. अमळनेरच्या ज्या घरांनी जुने शेअर जपून ठेवले होते, ती पाहता पाहता कोट्यधीश झाली. सुधारणांनी संपत्ती निर्माण होते हे खोटं नाही; या गावाला ते कुणी पटवून द्यायची गरज नाही.

ज्यांच्या घरी शेअर नव्हते, रोजची मजुरी होती, त्यांच्याकडे सुधारणा पोहोचल्या त्या तेलाच्या पिशवीतून. तोवर खाद्यतेलाची आयात सरकारच्या हाती होती. 1994मध्ये पामोलिन खुल्या आयातीच्या यादीत आलं, त्यावर 65 टक्के शुल्क होतं. 1998पर्यंत ते 15 टक्क्यांवर उतरलं. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. गरिबाच्या कढईत चमचाभर तेल जास्त पडू लागलं, आणि हा लाभ मी लहान मानत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला स्निग्धांश लागतोच.

पण शेतात काय झालं? स्वस्त तेलापुढे भुईमुगाचा भाव टिकेना. 2002मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि खानदेशात कापूस आणखी पसरला. कापसाने रोख पैसा दिला. मात्र ज्वारीचं शेत केवळ दाणे देत नव्हतं. तिच्यासोबत उडीद, मूग, तूर यायची. कडबा गुरांना जायचा आणि त्यातून घरात दूध राहायचं. पऱ्हाटीतून यातलं काही मिळत नाही. शिवाय वेचणीची मजुरी किलोवर. दिवाळीच्या सुमारास बाई पहाटे शेतात जाते, तान्हं बाळ थोरल्या बहिणीकडे राहतं, आणि त्याला दिवसातून चार वेळा भरवायचं कुणी, हा प्रश्न कुठल्याच अर्थसंकल्पात येत नाही.

कळण्याची भाकरी आठवा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, सोबत ठेचा. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर; उडदात मिथिओनिन कमी, ते ज्वारी देते. गरिबाची प्रथिनं त्या एका भाकरीत पुरी होत. देशातली डाळींची दरडोई उपलब्धता 1961मध्ये रोज 69 ग्रॅम होती, 1991मध्ये 41.6 आणि 2001मध्ये 30. म्हणजे घसरण सुधारणांच्या खूप आधीची आहे. हरितक्रांतीने गहू-तांदळाला पाणी, हमीभाव आणि सरकारी खरेदी दिली, डाळींना कोरडवाहूवर सोडलं. सारा दोष 1991वर टाकणं अन्यायाचं होईल. सुधारणांचा दोष वेगळा: त्यांनी व्यापार बदलला, ही जुनी चूक तशीच राहू दिली.

तेंडुलकर समितीच्या पद्धतीने देशातली गरिबी 1993-94मध्ये 45 टक्के होती, 2011-12मध्ये 22 टक्क्यांवर आली. याच सुमाराच्या काळाकडे अर्थतज्ज्ञ अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी ताटाच्या बाजूने पाहिलं. 1983 ते 2004-05 दरम्यान ग्रामीण भारतात दरडोई उष्मांक सुमारे 10 टक्क्यांनी घटले, प्रथिनंही घटली. वाढला तो फक्त स्निग्धांश. अंगमेहनत कमी झाली म्हणून भूकही कमी झाली, हे त्याचं एक स्पष्टीकरण. पण मग मुलांची उंची? महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं 2005-06मध्ये 46 टक्के होती, 2015-16मध्ये 34, आणि 2019-21मध्ये 35. सुधारणा झाली आणि थांबली. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया तर 48 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर गेल्या.

रेशनने ही दरी भरायला हवी होती. 1997मध्ये दारिद्र्यरेषेच्या वर-खाली अशी विभागणी झाली, 1999मध्ये महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली. पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांच्या आत हवं. ज्या मजुराचं उत्पन्न हजारभराने वर दिसलं, त्याचं स्वस्त धान्य गेलं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलोचा हक्क दिला, जानेवारी 2023पासून ते धान्य मोफत झालं. भुकेवर हा मोठा विजय आहे. तरी त्यात डाळ नाही. भरड धान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद कायद्यातच होती, पण पिशवीत पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी पिकते आणि तिथल्याच मजुराला गहू-तांदूळ मिळतो. तालुक्यातली ज्वारी आणि उडीद हमीभावाने घेऊन तालुक्यातच रेशनवर वाटावेत. वाहतूक वाचेल, शेतकऱ्याला कापसाखेरीज दुसरा पर्याय मिळेल.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या आहाराकडे वळू.