मामाची काठी आणि पिवळा दोरा

मुलांनो, आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ न विचारता कधी घेतलंय का? मी घेतलं होतं! तेव्हा मी पाचवीत होते आणि सुट्टीत खाडीकाठी मामाकडे गेले होते.

मामाच्या गळाच्या काठीची एक कडी सुटली होती. अशा काठीवर ओळीने कड्या असतात आणि त्यांतून तंगुसाची दोरी ओवलेली असते. मासा ओढू लागला की ती ओढ सगळ्या कड्यांत वाटली जाते आणि काठी कमानीसारखी छान वाकते. पण कड्या बसवायला भोक पाडलं, तर काठी तिथंच मोडेल. म्हणून कडीचा चपटा पाय काठीवर ठेवून त्यावर दोरा गुंडाळतात. एवढ्या मोठ्या माशाची ओढ, आणि आधार कशाचा? दोऱ्याचा!

मी पिवळाधमक सुती दोरा निवडला. का? दिसायला छान म्हणून. सैलसर गुंडाळला, गाठ मारली, वर व्हार्निश लावलं. थोड्या वेळानं पाहते तर काय, पिवळा रंग गायब! सगळं मातकट तपकिरी. तरी मामा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गळाला मोठा जिताडा लागला. काठी वाकली, माझी कडी सटकली, दोरी तुटली आणि जिताडा गेला. मला रडूच आलं. मामानं काठी माझ्या हातात दिली नि म्हणाला, "पुन्हा गुंडाळ. पण आधी दोरा नीट बघ."

मग काय बघायचं? पहिलं म्हणजे, दोरा कशाचा आहे. सुती दोऱ्याला बारीक कूस असते, त्यामुळे वरचा लेप गुळगुळीत बसत नाही. पूर्वी यासाठी रेशमी दोरा वापरत. अमेरिकेत 1840 च्या दशकात सॅम्युअल फिलिपी या बंदुका आणि व्हायोलिन बनवणाऱ्या कारागिरानं बांबूच्या चिरफाळ्या चिकटवून गळाच्या काठ्या केल्या. अशा सुरुवातीच्या काठ्यांसाठी बांबू जायचा तो आपल्या भारतातून! 'कलकत्ता बांबू' म्हणत त्याला. त्या काळचा सरस ओलाव्यानं सुटे, म्हणून चिरफाळ्या धरून ठेवायलाही मधे मधे रेशीम गुंडाळत. पुढे 1935 साली वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाला. तो मजबूत, कुजत नाही आणि किंचित ताणला जातो, म्हणून पकडही धरतो. आज हौशी कारागीर बहुधा नायलॉनच घेतात.

दुसरी गोष्ट जाडी. या दोऱ्यांच्या जाडीला इंग्रजी अक्षरं असतात. 'ए' बारीक, 'डी' जाड. नाजूक काठीला 'ए', समुद्रावरच्या दणकट काठीला 'डी'. बारीक दोरा सफाईदार बसतो, जाड दोरा घासणं-आपटणं जास्त सोसतो.

तिसरा रंग. माझा पिवळा रंग कुठे गेला? वडापावचा कागद आठवा! तेल लागलं की कागद आरपार दिसू लागतो. कोऱ्या कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिथं प्रकाश विखुरतो. तेलानं ती जागा भरली की प्रकाश आत शिरतो. दोऱ्यात व्हार्निश मुरलं तरी तेच होतं. खालची काठी दिसू लागते. म्हणून साध्या नायलॉनवर कारागीर आधी रंग राखणारा द्रव लावतात, किंवा रंग टिकावा म्हणून आधीच प्रक्रिया केलेला दोरा घेतात. चकचकीत जरीचा दोरा मात्र शोभेपुरता, टोकाला दोन-चार वेढे, बस्स!

आणि गाठ? गाठ मारायचीच नाही! सुरुवातीचं टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबायचं. शेवटचे आठ-दहा वेढे एका वेगळ्या दोऱ्याच्या फासावरून घ्यायचे, टोक फासात घालायचं आणि फास ओढायचा. टोक वेढ्यांखाली जाऊन बसतं. ताण इतकाच, की गुंडाळल्यावरही कडी अंगठ्यानं जराशी सरकवून सरळ रेषेत आणता यावी. मगच लेप.

मामानं दिलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं मी ती कडी तीनदा गुंडाळली, दोनदा उलगडली. तिसऱ्या वेळी मामानं कडी ओढून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तीच काठी घेऊन तो खाडीवर गेला. त्याहून मोठं बक्षीस मला आजवर मिळालेलं नाही!

तुम्हीही करून पाहा. एका गडद रंगाच्या पेन्सिलीवर सुती, रेशमी आणि नायलॉनचा असे तीन फिके दोरे शेजारी शेजारी गुंडाळा. कुठला रंग बदलेल, ते आधी वहीत लिहा. मग मोठ्यांना विचारून, खिडकी उघडी ठेवून, रंगहीन नेलपॉलिश लावा. अंदाज चुकला तरी हरकत नाही बरं का! पेन्सिलीवर चुकलेलं बरं. काठीवर चुकलं, की जिताडा जातो.